लहान आगगाडीची खडी

स्टेशनच्या फलाटावर गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाची दृष्टी सहजच खाली रुळांकडे जाते. रूळ, रुळांखालचे स्लीपर आणि त्या स्लीपरांच्या मध्ये व दोहों बाजूंस पसरलेली काळसर खडी हे दृश्य इतके ओळखीचे झालेले असते की, ती खडी तेथे कशासाठी टाकली आहे हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. रूळ नसतील तर गाडी चालणार नाही, हे लहान मूलही सांगेल. खडी नसेल तर काय होईल, हे सांगणारा विरळा. परंतु जो मनुष्य तीच आगगाडी सत्त्याऐंशी पटींनी लहान करून आपल्या घरातील टेबलावर मांडावयास निघतो, त्यास या प्रश्नाचा विचार केल्यावाचून गत्यंतर नसते. त्याला इंजिन तयार मिळते, डबे तयार मिळतात, रूळही स्लीपरांसकट तयार मिळतात. खडी मात्र त्याला स्वतः पारखून घ्यावी लागते आणि स्वतःच्या हातांनी अंथरावी लागते. महिनोन्महिने खपून उभे केलेले काम बहुधा बिघडते ते याच ठिकाणी.

हा छंद मुळचा युरोप-अमेरिकेतला. इंग्लंडात १९३८ साली ‘हॉर्नबी डब्लो’ नावाची टेबलावरची आगगाडी निघाली. तिचे रूळ पत्र्याच्या तळावर बसविलेले असत, आणि खडी व स्लीपर त्या पत्र्यावर नुसते छापलेले असत. मुलांच्या खेळण्यास तेवढे पुरे होते. पुढे हा खेळ मोठ्या माणसांच्या हाती गेला आणि खरी वाटेल अशी खडी हवीशी झाली. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे २००१ साली सुरू झालेले ‘मिनिआटुर वुंडरलांड’ हे प्रचंड प्रदर्शन १:८७ याच प्रमाणात उभारलेले आहे. आपल्याकडे पुण्यास कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांच्या परिश्रमांतून १९९८ साली खुले झालेले लहान आगगाड्यांचे संग्रहालयही त्याच मापाचे. या मापास ‘एचओ’ म्हणतात, आणि पुढील विवेचन मुख्यतः त्यालाच धरून आहे.

खडीला इंग्रजीत बॅलास्ट म्हणतात. हा शब्द मूळचा दर्यावर्दी लोकांचा. रिकामे गलबत लाटांवर कलंडू नये म्हणून त्याच्या तळाशी वाळू-दगडांची जी भर घालतात, जिला मराठीत नीरम हे नाव आहे, तेच बॅलास्ट. इंग्लंडच्या ईशान्येस टाईन नदीवरून कोळसा घेऊन गेलेली जहाजे परतताना अशी भर घेऊन येत आणि ती किनाऱ्यावर ओतून देत. खाणीपासून धक्क्यापर्यंत कोळसा वाहणाऱ्या जुन्या गाडीवाटांवर तीच भर पसरण्यात येऊ लागली आणि तिचे नावही तिच्याबरोबर रुळांखाली गेले, असे सांगतात.

खऱ्या लोहमार्गावर या खडीकडे अनेक कामे आहेत. चाकाचा भार रुळावर येतो, रुळाचा स्लीपरवर, आणि स्लीपरचा भार खडी अशा रीतीने वाटून घेते की, खालच्या मातीला तो सहज सोसवावा. गाडी वळणावर रेटा देते तेव्हा मार्ग बाजूस सरकू नये, उन्हाने रूळ लांबू लागले तरी ते जागीच आवळलेले राहावेत, पावसाचे पाणी क्षणभरही साचू नये, ही सारी व्यवस्था खडीच पाहते. यासाठी तिला धारदार कोपरे असावे लागतात. नदीतला गुळगुळीत गोटा येथे निरुपयोगी होय, कारण गोटे एकमेकांवरून घरंगळतात, उलट फोडलेल्या दगडाचे कोपरे एकमेकांत अडकून बसतात. आणि एवढे असूनही ती मोकळी असते, हे विशेष. एका खड्यास दुसऱ्याशी बांधणारे काहीही नसते. मार्ग कोठे खचला तर तो उचलून खाली पुन्हा खडी ठासता येते, हा गुण त्या मोकळेपणातूनच येतो.

आता ही खडी लहान करावयाची म्हटली म्हणजे काय होते ते पाहावे. लांबी सत्त्याऐंशी पटींनी कमी केली की वजन तितक्याच पटींनी कमी होत नाही. ते लांबी, रुंदी व उंची या तिन्हींच्या गुणाकाराने, म्हणजे सुमारे साडेसहा लाख पटींनी उतरते. १२३ टन वजनाचे विजेचे इंजिन या हिशेबाने १८७ ग्रॅमचे होईल. प्रत्यक्षात कारखानदार त्यात शिसे किंवा दुसरा जड धातू भरून ते अधिक वजनदार करतात, ती गोष्ट वेगळी. रुळाखालचा पाव किलोचा खडा मात्र अर्ध्या मिलिग्रॅमहूनही हलका होतो. असा खडा स्वतःच्या वजनाने जागी बसून राहील ही आशाच नको. पंख्याचा वारा, एखादी शिंक, टेबलास लागलेला धक्का, एवढ्यानेही तो उडून चाकांच्या दात्यांत जाऊन बसतो. म्हणून जी खडी खऱ्या मार्गावर मोकळी असल्यामुळे उपयोगी पडते, तीच लहान मार्गावर डिंकाने पक्की चिकटवल्याखेरीज उपयोगाची नाही. शिवाय भार वाहण्याचे तिचे कामच येथे संपलेले असते, कारण तो भार खालची फळी वाहते. उरते ते एक डोळ्यांचे काम, आणि ते करण्यासाठी खड्याचा आकार, रंग व पसरण यांत चूक होता कामा नये.

प्रथम आकार. भारतीय रेल्वेवर खडी ६५ मिलिमीटरांच्या चाळणीतून जाणारी आणि २० मिलिमीटरांच्या चाळणीवर राहणारी अशी घेतात. या दोन्ही आकड्यांस ८७ने भागले असता मोठा दाणा पाऊण मिलिमीटरचा येतो आणि लहान दाणा पाव मिलिमीटरहूनही किंचित कमी. उपम्याचा रवा डोळ्यांपुढे आणावा म्हणजे हे माप बरोबर कळते. (हे केवळ उपमान आहे. खरोखरीचा रवा वापरण्याचा मोह कोणास झाल्यास त्याने मुंग्यांचा विचार अगोदर करावा.) ज्या ‘एन’ मापात सर्व काही १:१६० इतके लहान असते, त्यात हाच दाणा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक लागतो, ‘ओ’ मापाच्या मोठ्या गाडीस दीड मिलिमीटरपर्यंतचा चालतो.

बाजारात पुड्यांतून जी तयार खडी मिळते, ती पुष्कळदा याहून जाड असते. दोन मिलिमीटरांचा दाणा हातात घेतला तर तो क्षुल्लक वाटतो. परंतु एचओ मापाच्या जगात तो १७ सेंटिमीटरांचा, सोललेल्या नारळाहूनही मोठा धोंडा ठरतो. कोणता मुकादम असले धोंडे स्लीपरांमध्ये भरू देईल? पाहणाऱ्यास हे गणित येत नसते, पण त्याचा डोळा ते नकळत करतो. इंजिन किती लहान आहे हे डोळा त्याच्या शेजारच्या वस्तूंवरून ठरवितो, आणि इंजिनाच्या अगदी जवळची, संख्येने सर्वांत अधिक असलेली वस्तू म्हणजे खडी. ती जाड झाली की शेकडो तास खपून रंगविलेले इंजिन पुन्हा खेळणे दिसू लागते, आणि काय बिघडले ते मांडणाऱ्यालाही सांगता येत नाही. खडी ठरलेल्या मापाहून थोडी बारीक असली तरी निभावते. जाड असली तर निभावत नाही.

रंगाचा विचार करताना प्रदेश ध्यानात घ्यावा लागतो, कारण रेल्वे आपली खडी शक्यतो जवळच्या खाणीतून घेते. खंडाळ्याचा घाट दाखवावयाचा तर सह्याद्रीचा काळा पाषाण हवा. नवी फोडलेली खडी निळसर काळी असते आणि वापराने तिच्यावर ब्रेकच्या भुकटीची व धुळीची तपकिरी झाक चढते. इंग्लंडात लेस्टरशायरमधील माउंटसॉरेल येथील ग्रॅनाइट गुलाबी छटेचा. अमेरिकेत शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न या रेल्वेने विस्कॉन्सिन संस्थानातील रॉक स्प्रिंग्ज येथील गुलाबी क्वार्टझाइट आपल्या मार्गांवर अंथरला, तो इतका ठळक की, त्या खडीवरूनच ती रेल्वे ओळखली जाई. वाफेच्या काळातील यार्डांत बाजूच्या मार्गांवर पुष्कळ ठिकाणी दगडाऐवजी इंजिनांचीच राख पसरलेली असे. तेथे खडीचा ढीग दाखवणे ही चूक होईल. नेरळहून १९०७ साली माथेरानला गेलेल्या लहान गाडीचा माथ्यावरचा भाग मांडताना खडीइतकीच तांबडी मातीही महत्त्वाची ठरते. खरा फोटो पुढे ठेवून रंग निवडावा, आठवणीवर विसंबू नये. आठवणीत सगळीच खडी करडी असते.

आणखी एक गोष्ट अनुभवाने कळते, ती अशी की, डिंकाचे पाणी पडून वाळल्यावर दगडाचा रंग पूर्वीहून गडद होतो. शिवाय टेबलावरचा मार्ग आपण दोन हातांवरून पाहतो, पण त्याने भास निर्माण करावयाचा असतो दीड-दोनशे हातांवरून पाहिल्याचा. आणि दुरून दिसणारे रंग मधल्या हवेमुळे नेहमी फिके दिसतात. या दोन्ही कारणांनी खडी खऱ्याहून एक छटा फिकीच घ्यावी, आणि एखाद्या फळकुटावर चार बोटे चिकटवून, पूर्ण वाळल्यावर, दिव्याच्या ज्या प्रकाशात गाडी चालावयाची त्याच प्रकाशात तिची परीक्षा करावी.

येथे एका मोहाबद्दल सावध केले पाहिजे. घाटाची प्रतिकृती करणाऱ्यास वाटते की, घाटातलाच दगड आणून कुटला, चाळला, म्हणजे यापरते खरे ते काय? परंतु काळ्या पाषाणात लोहयुक्त, चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या खनिजाचे बारीक कण असतात. रुळाखालच्या मोठ्या खड्यात त्यांचे अस्तित्व जाणवत नाही. दगडाची रव्याएवढी पूड केली की ते कण सुटे होतात किंवा दाण्यालाच चुंबकाकडे ओढून नेण्याइतके प्रबळ ठरतात. लहान इंजिनाच्या पोटात विजेची मोटर असते, मोटरीत कायमचा चुंबक असतो, आणि तो रुळांपासून फार तर बोटभर उंचीवर असतो. वजन साडेसहा लाख पटींनी उतरले, पण चुंबक काही तितका दुर्बळ झालेला नसतो. सुटलेला प्रत्येक दाणा तो उचलतो, आणि मग दातेरी चाकांतून करकर ऐकू येऊ लागते. रत्नागिरीच्या बाजूची काळी वाळूही याच कारणाने टाळावी. तिच्यात इल्मेनाइट नावाचे असेच लोहखनिज आहे, आणि समुद्राचे मीठ असते ते वेगळेच.

याचा अर्थ असा नव्हे की, खरा दगड वर्ज्य आहे. चाळलेली पूड पांढऱ्या कागदावर पातळ पसरावी, कागदात गुंडाळलेला जोरदार चुंबक तिच्यावरून फिरवावा, चिकटलेले कण कागद उलगडून टाकून द्यावेत, आणि काहीही चिकटेनासे होईपर्यंत हे चालू ठेवावे. काळ्या दगडातले फार दाणे असे निघून जातात असे दिसल्यास तो नाद सोडून दुसरा फिका दगड घ्यावा आणि त्यास रंग द्यावा, हेच शहाणपणाचे. दगड दोन चाळण्यांनी चाळून मधला भाग ठेवावा, धुवावा आणि उन्हात खडखडीत वाळवावा. धूळ राहिली तर डिंक दाण्याला न धरता धुळीला धरतो. दगडाऐवजी आक्रोडाच्या टरफलाचा रंगीत भुगाही विकत मिळतो. तो हलका, स्वस्त व चुंबकास दाद न देणारा आहे, परंतु पाण्यावर तरंगतो, आणि त्यामुळे पुढे डिंक घालताना तो जागा सोडून वाहू लागतो. धीर कमी असणाऱ्याने दगडच पत्करावा.

खडी घालण्यापूर्वीची कामे थोडक्यात सांगावयाची तर अशी. खऱ्या मार्गावर स्लीपरखाली खडीचा थर सुमारे ३०० मिलिमीटर असतो; एचओ मापात तो साडेतीन मिलिमीटर होतो, म्हणून रुळांखाली तीनएक मिलिमीटर जाडीची, दोन्ही कडा उतरत्या असलेली बुचाच्या सालीची पट्टी अगोदर चिकटवतात. फोमच्या पट्ट्याही मिळतात. त्या काही वर्षांनी भुगा होऊन जातात. रुळांच्या बाजूंना गंजाचा तांबूस रंग देणे, विजेच्या तारा डाखणे, आणि सर्व गाड्या सर्व मार्गांवरून दोन्ही दिशांनी पुन्हा पुन्हा चालवून पाहणे, हे सर्व खडीच्या आधी. या शेवटच्या कामात उतावीळ होऊ नये. वाकडा जोड किंवा सैल तार आज दोन मिनिटांत नीट होते; खडी चिकटल्यावर तीच गोष्ट अर्धा दिवस घेते.

खडी कोरडी घालावी. दुमडलेल्या जाड कागदाच्या पन्हळीतून ती रुळांच्या मधोमध बारीक धारेने सोडावी आणि मऊ, चपट्या कुंचल्याने पुढे सारत न्यावी. स्लीपरांचे माथे उघडे राहावेत. मग कुंचल्याच्या दांड्याने रुळावर हलकेच टिचक्या माराव्या, म्हणजे माथ्यावर राहिलेले दाणे आपोआप फटींत उतरतात. रुळाच्या आतल्या अंगास, जेथून चाकाची कड जाते, तेथे एकही दाणा टेकलेला नको. बाहेरच्या बाजूस खडी स्लीपरच्या टोकापलीकडे चारएक मिलिमीटर सपाट जाऊन मग उतरावी. खऱ्या मार्गावरचा सुमारे साडेतीनशे मिलिमीटरांचा खांदा तो हाच. या टप्प्यावर कितीही वेळ लागला तरी तो द्यावा, कारण खडी अजून मोकळी आहे. डिंक पडल्यानंतर तिची रचना बदलता येत नाही. कोरडी असताना जी दिसते तीच कायमची राहते.

डिंक घालताना नवशिक्याची जी फजिती होते, तिचे कारण समजून घेण्याजोगे आहे. तो नळीने डिंकाच्या पाण्याचा थेंब खडीवर सोडतो, आणि थेंब आत न मुरता गोल गोळी होऊन बसतो, आजूबाजूचे दाणे अंगाला लपेटून घेतो व तेथे खळगा पाडतो. उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाचे पहिले थेंब रस्त्यावरच्या धुळीत पडतात तेव्हा त्यांच्याही अशाच धुळकट गोळ्या झालेल्या सर्वांनी पाहिल्या आहेत. पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो, आणि कोरड्या धुळीत शिरण्यापेक्षा स्वतःलाच गोल धरून ठेवणे त्याला सोपे जाते. पुन्हा येथे मापाचा प्रश्न आहेच. दगड लहान झाला, गाडी लहान झाली. पाणी मात्र लहान करता येत नाही. साडेतीन मिलिमीटरांचा साधा थेंब हा त्या छोट्या जगात फूटभर व्यासाचा गोळा असतो, आणि तसा गोळा खऱ्या खडीवर आदळला तर तीही जागची हलेल.

उपाय सोपा आहे. डिंकापूर्वी सर्व खडी ओली करून घ्यावी, आणि तीही थेंबांनी नव्हे, तर तुषारांनी. पाण्यात भांडी घासण्याच्या पातळ साबणाचे दोन-तीन थेंब घातले की त्याचा ताण मोडतो. काही जण याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. फवारणीची बाटली खडीवर न रोखता वर हवेत धरावी, म्हणजे धुक्यासारखे तुषार अलगद खाली येतात. खडी पुरती भिजली, फटीफटींतून ओल दिसू लागली, की सुताराचा पांढरा डिंक, म्हणजे फेव्हिकॉलच्या जातीचा, एक भाग आणि पाणी दोन भाग असे मिश्रण करून, त्यातही साबणाचा एक थेंब टाकून, नळीने ते दाण्यांना टेकवून सोडावे. आता थेंब गोळी होत नाही. ओल्या दाण्यांमधील बारीक वाटा त्याला वातीने तेल ओढावे तसे आत ओढून घेतात. मिश्रण दुधासारखे पांढरे दिसते म्हणून घाबरू नये, वाळल्यावर ते पारदर्शक होते. रुळांचा माथा लगेच पुसून घ्यावा आणि एक अहोरात्र मार्गास हात लावू नये. कोकणातल्या आषाढात दोन दिवसही लागतील. तोवर रुळांत वीज सोडू नये.

सांध्यापाशी मात्र ही सारी कृती बदलते. गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर नेणारी सांध्याची निमुळती पाती सरकती असतात, आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी त्यांच्याबरोबर हलते. ओल्या खडीतून डिंक जसा दाण्यांत ओढला जातो तसाच तो या पात्यांखालीही ओढला जातो, आणि सकाळी पाहावे तो सांधा दगडासारखा घट्ट. सांधा हा मांडणीतला सर्वांत महाग आणि बसविण्यास सर्वांत किचकट भाग. तो गेला म्हणजे त्यामागचा सगळा मार्ग बंद पडतो. म्हणून पात्यांच्या टोकापाशी व आडव्या पट्टीखाली खडी घालूच नये. तेथील तळ खडीच्याच गडद रंगाने रंगवावा, म्हणजे उणीव नजरेत येत नाही. हलणाऱ्या सांध्यांवर तेलाचा सूक्ष्म थेंब द्यावा, त्याला डिंक धरत नाही. या भागात फवारणी न करता एकेक थेंब सुईच्या टोकाने द्यावा, आणि डिंक वाळेपर्यंत दर पाव तासाने पाती इकडून तिकडे हलवीत राहावी. हे कंटाळवाणे आहे खरे, पण याला दुसरा मार्ग नाही.

या डिंकाचा एक दोष उरतो तो आवाजाचा. बुचाची पट्टी रुळांची थरथर फळीपर्यंत जाऊ देत नाही, म्हणून गाडी शांत चालते. पांढरा डिंक वाळून कठीण झाला आणि खडीचा उतार पट्टीवरून थेट फळीला जाऊन भिडला, की त्या कठीण कवचातून थरथर खाली उतरते आणि पोकळ टेबल ढोलकासारखे घुमू लागते. ज्यांना हे सहन होत नाही ते वाळल्यावर रबरासारखा लवचिक राहणारा लॅटेक्सचा डिंक वापरतात. त्याने आवाज बराच कमी होतो. मात्र त्याला थोडी चकाकी येते आणि एकदा धरलेला तो सहजी सोडत नाही.

पांढऱ्या डिंकाचे या बाबतीत बरे आहे. खडी वाळल्यावर सैल दाणे झटकणीच्या यंत्राच्या नळीला जुना पायमोजा बांधून ओढून घेता येतात, व ते पुन्हा वापरता येतात. एखादा तुकडा बदलावयाचा झाल्यास त्यावर साबणाचे कोमट पाणी शिंपडून तासभर ओले फडके पसरून ठेवावे. डिंक पुन्हा मऊ पडतो, आणि चपट्या सुरीने रूळ न वाकवता उचलून घेता येतो. निघालेली खडी धुऊन, वाळवून, चाळून बरणीत भरून ठेवावी; त्याच मार्गाच्या दुरुस्तीस पुढे त्याच रंगाची खडी दुसरीकडे मिळेलच असे नाही.